थाळीमास्तर

आमच्या गावात मास्तरांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारली नाही. त्यांना 'थाळीमास्तर' म्हणत, आणि म्हणताना हसत. मीही हसलो आहे. आज त्यांच्यावर लिहायला बसलो तर त्या हसण्याचीच आठवण आधी येते.

शाळा भरली की मास्तर आमचे हात पाहायचे. सगळेच मास्तर पाहतात. नखं वाढली की छडी देतात. हे मास्तर हात हुंगायचे. ओळीने एकेकाचा उजवा हात नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, आणि 'बरं' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. ज्याने सकाळी आपलं जेवलेलं ताट आपण घासलं त्याच्या बोटांना राखेचा वास येतो, आणि तो वास नसेल तर पाटीला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. तास-अर्धा तास बाहेर बसायचं, मग आत.

गोमाई नदीकाठच्या आमच्या गावात घरंदाज शेतकऱ्याचा पोरगा ताट घासतो म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. माझी माय पहिल्याच आठवड्यात शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "मन्हा पोऱ्या भांडा घासाले शाळामा येस का रे भो?" असं तिने विचारलं. आमच्या अहिराणीत राजालाही 'तू'च म्हणतात, त्यामुळे मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. ते घाटावरचे, बोलायचे पुस्तकी मराठी. त्यांनी हात जोडून सांगितलं, "बाई, भांडी घासायला नाही. भांडी कोण घासतं ते कळायला."

माय घरी परतली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पोरांनी तोड काढली. निघताना चुलीत हात घालायचा आणि बोटांना राख चोळून शाळेत जायचं. मास्तरांनी हुंगलं आणि ते हसले. म्हणाले, "चुलीतल्या राखेला कोरडा वास येतो. घासलेल्या हाताला ओली राख आणि खरकटं दोन्हींचा वास येतो. खोटं बोलायचं असेल तर ताट घासूनच बोलावं लागेल." तेव्हापासून आम्ही खरंच घासू लागलो, कारण दुसरी लबाडी सुचेना.

दिसायला मास्तर काडीसारखे. डोक्यावर टोपी, काखेत छत्री. ती छत्री त्यांनी उघडलेली मी पाहिली नाही, वैशाखात नाही आणि आषाढात नाही. दुपारी स्वतःची भाकरी स्वतः थापायचे, ती जळायची, ती खायचे, आणि मग शाळेपुढच्या उघड्या जागेत, जाणारा-येणारा पाहील असे उभे राहून थाळी घासायचे. बायका पदर तोंडाशी धरून जात. गडी म्हणत, मास्तर लगन कर.

आणखी एक खोड होती. वर्गाच्या दारात येऊन ते थांबायचे आणि आम्हाला विचारायचे, "येऊ का?" आम्ही 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. एकदा आम्ही ठरवून कोणीच 'या' म्हटलं नाही. मास्तर तिथेच उभे राहिले, रागावले नाहीत, आत आले नाहीत. खिडकीशी गेले आणि गजांतून हात घालून फळ्यावर गणित मांडता येईना म्हणून तोंडी सांगू लागले. उन्हं चढली. त्यांची टोपी घामाने भिजली. शेवटी मागच्या ओळीतला एक रडवेला होऊन 'या हो' म्हणाला. मास्तर आत आले, म्हणाले, "आभारी आहे," आणि पुढचं गणित घातलं. आम्हा सगळ्यांना ते 'अहो' म्हणत. सालदाराच्या, महाराच्या, पाटलाच्या, सगळ्यांच्या पोराला अहो. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, आपल्या मागे आपला बाप येऊन उभा राहिला आहे.

शाळा सुटायच्या आधी दुसऱ्या शाळांत परवचा होतो. आमच्याकडे एकच प्रश्न असायचा: आज कशाची लाज वाटली?

एकेकाने उठून सांगायचं. कोणी सांगे, नदीवर म्हशीने शेपटी मारली आणि धोतर सुटलं. मास्तर म्हणत, "ही फजिती. फजिती दुसऱ्यांनी पाहिलं म्हणून होते. बसा." कोणी सांगे, बापनी मारं. "हे दुःख. बसा." एकाने सांगितलं, पेरू चोरताना माळ्याने धरलं. मास्तर म्हणाले, "ही भीती. धरलं नसतं तर काय वाटलं असतं?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "तं ग्वाड लागता." सगळ्यांत जास्त मास्तर हसले. डोळे पुसत म्हणाले, "यांना लाज येणार. यांना खरं बोलता येतं."

फजिती, भीती आणि लाज हे तीन वेगळे करता येणं, एवढ्यासाठीच शाळा आहे, असं ते म्हणत. "अक्षर तर मुनीमालाही येतं. तुम्ही अक्षर शिकाल, इंग्रजी शिकाल, वकील व्हाल. पण कोणी पाहत नसताना तुम्हाला कशाची लाज वाटते, ते सांगा, म्हणजे तुम्ही काय शिकलात ते मी सांगतो." हे वाक्य मी आजवर शेकडो माणसांपुढे म्हटलं आहे आणि त्यावर टाळ्या घेतल्या आहेत.

एकदा डिपोटी आले. शाळेची तपासणी म्हणजे गावाचा सण. गाडीला झूल घालून त्यांना वेशीवरून आणलं. त्यांनी कविता म्हणवल्या, नद्या विचारल्या, पाढे घेतले, सगळं ठीक झालं. जाता जाता त्यांनी पाटलाच्या पोराला सहज विचारलं, शाळेत येऊन काय शिकलास. तो म्हणाला, "लाज वाटाले शिकनू."

डिपोटींना गंमत वाटली. म्हणाले, आज कशाची लाज वाटली ते सांग बरं. पोरगा विचार करून म्हणाला, "तू गाडीमा वना. तुन्हा पट्टेवाला गाडीमांगे पायी वना. गाडीमा जागा व्हती."

दारात उभा असलेला पट्टेवाला जमिनीकडे पाहू लागला. त्याच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. डिपोटींनी शेरा लिहिला की मुलांत शिस्त नाही, आणि ते निघाले. मास्तर त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी आम्हाला गुळाचा खडा वाटला. परतताना त्या पट्टेवाल्याला वाटभर काय काय ऐकावं लागलं असेल, हे आमच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्याही आलं नाही. ते पुढे आलं, आणि आमच्याच घरापायी आलं.

आमच्या घराचं सांगतो. झाकून लिहायचं असेल तर लिहूच नये.

आमच्याकडे बुध्या नावाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, होता. बुधवारी जन्मला म्हणून बुध्या. डोंगरातला भिल्ल, माझ्या बापाहून वयाने मोठा. त्याने मला खांद्यावर बसवून प्रकाशा गावच्या जत्रेला नेलं होतं. मला नदीत पोहायला त्याने शिकवलं. त्याची बायकापोरं गावाबाहेर झोपडीत, तो दिवसरात्र आमच्याकडे. तो गोठ्यात जेवायचा. गोठ्याच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात त्याची जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी आणि तांब्या. माय वरून, हात न लावता, भाकरी टाकायची, कालवण ओतायची. जेवून तो ती थाळी स्वतः घासायचा आणि कोनाड्यात पालथी घालायचा. आमच्या घरातल्या कोणी ती थाळी उचलल्याचं मला आठवत नाही. ती आमच्याच पैशाने आणलेली, पण आमच्या घरात ती कधी आली नाही. गावात ज्याच्या ज्याच्याकडे सालदार, त्याच्या त्याच्या गोठ्यात असा कोनाडा. कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. अजूनही नाही.

चौथी झाल्यावर पुढे नंदुरबारला इंग्रजी शाळेत जाणारा त्या वर्षी मी एकटाच होतो. त्यासाठी मास्तरांच्या सहीचा दाखला हवा. मास्तर म्हणाले, "परीक्षा झाली, पास झालात. एक काम उरलं. तुमच्या गोठ्यातली थाळी एक दिवस घरात न्या. बुध्याबाबांना ओसरीवर वाढा, त्यांच्यासमोर बसून जेवा, आणि दोन्ही ताटं घासा. मग सही."

मी घरी सांगितलं. माय रडायला लागली. आबा, म्हणजे माझे वडील, रडणारे नव्हते. ते म्हणाले, "आखाजीले मास्तरले जेवाले बलाव. पुरणपोळी खाई, सही करी."

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस आमच्या खानदेशात काय असतो ते सांगायला हवं. पितरांची घागर भरतात, सासरहून पोरी येतात, झाडाला झोके बांधतात, रस-पोळीचं जेवण होतं. आणि त्याच दिवशी सालदारांचं साल संपतं आणि नवं लागतं. ओट्यावर मालक बसतो, खाली सालदार उभा राहतो, पुढच्या वर्षाचं बोलणं होतं. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, हे दुपारच्या जेवणानंतर ठरतं. एका दिवसावर एका घराचं वर्ष उभं असतं.

मास्तर आले. छत्री काखेत होतीच. त्यांना पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली, आमचं सगळ्यांत मोठं पितळी ताट त्यांना दिलं. आबा त्यांच्या शेजारी बसले. माय वाढत होती. मास्तरांनी पोळीला हात लावला नाही. विचारलं, "बुध्याबाबा कुठे जेवताहेत?"

आबा हसून म्हणाले की तो जेवतोय त्याच्या जागी, तुम्ही सुरू करा.

मास्तर उठले. भरलेलं ताट दोन्ही हातांनी उचललं, ओसरी उतरले, अंगण ओलांडलं आणि गोठ्यात गेले. आम्ही सगळे मागे. शेजारचे ओट्यावरून वाकून पाहू लागले. झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून उतरल्या. बुध्या बैलाच्या पलीकडे उकिडवा बसून जेवत होता. त्या दिवशी त्याच्या थाळीतही पुरणपोळी होती. मास्तर त्याच्यासमोर मातीत मांडी घालून बसले, आपलं ताट त्याच्या थाळीला लावून ठेवलं आणि पहिला घास घेतला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी लिहितो: मला आमच्या मास्तरांचा अभिमान वाटला. मी बुध्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

ते पाहायला हवं होतं. त्याचा घास हातातच राहिला होता. तो मास्तरांकडे पाहत नव्हता, त्यांच्या खांद्यावरून मागे, गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या आबांकडे पाहत होता. आणि हलक्या आवाजात, विनवणी करतो तसं, म्हणाला, "मास्तर, ऊठ ना भो अठून. आज मन्हा सालनी गोट शे."

मास्तरांना अहिराणी पुरती येत नव्हती, पण हे त्यांना कळलं. त्यांचा हात थांबला. तोवर बुध्याच उठला होता. हातातला घास त्याने थाळीत ठेवला, थाळी तशीच सोडली, आणि धोतराला हात पुसत गोठ्याबाहेर जाऊन उभा राहिला. सणाचं जेवण टाकून.

आबा मास्तरांना एक शब्द बोलले नाहीत. ब्राह्मण मास्तरला सणाच्या दिवशी कोण बोलणार? ते बुध्याकडे वळले आणि म्हणाले, "आवंदा तुन्हं काम नही. दुसरं घर देख."

एवढंच. ओट्यावर बसणं नाही, बोलणं नाही. गावातल्या दुसऱ्या कोणी त्याला ठेवला नाही. ज्याच्यासमोर मास्तर जेवायला बसला तो सालदार डोक्यावर चढेल, असं गावाने ठरवलं. दोन दिवस तो ओट्या-ओट्याखाली उभा राहिला. मग बायकापोरं आणि गाठोडी घेऊन म्हसावदच्या अंगाने डोंगराकडे निघून गेला. मागाहून त्यानेच घासून ठेवलेली थाळी कोनाड्यातच राहिली. ती त्याची नव्हती, आमची होती.

सणानंतर शाळा भरली त्या दिवशी मास्तर दारात आले, पण 'येऊ का' विचारलं नाही. आम्ही 'या' म्हटलं तरी आत आले नाहीत. हात हुंगले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "आज कशाची लाज वाटली, ते आज मी सांगतो."

मग सावकाश, शब्द शोधत बोलले. "तुमच्या वर्गात मी रोज विचारून येतो. तुम्ही 'या' म्हणत नाही तोवर उन्हात उभा राहतो, आणि त्याचा मला गर्व आहे. त्या माणसाच्या जेवणात मी न विचारता जाऊन बसलो. त्यांचं जेवण राहिलं, त्यांचं साल गेलं. माझं काय गेलं? काही नाही. उलट तुमच्या डोळ्यांत मी मोठा झालो. ज्या चांगल्या कामात आपलं काही जात नाही आणि दुसऱ्याचं सगळं जातं, त्याला धडा म्हणत नाहीत. त्याला तमाशा म्हणतात. मी तमाशा केला. ही फजिती नाही. ही लाज."

पाटलाच्या पोराने विचारलं, "आते काय करशी, मास्तर?"

"जातो," म्हणाले, "विचारायला."

ते आमच्या घरी आले. ओट्यावर चढले नाहीत, खाली उभे राहिले, बरोबर जिथे सालदार उभे राहतात तिथे. टोपी काढून हातात घेतली. आबांना म्हणाले, चूक माझी आहे, बुध्याबाबांना परत बोलवा. आबा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, आधी पोराचा दाखला. मग बुध्याचं पाहू.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभा होतो. मी ती थाळी घरात आणलेली नव्हती, बुध्यासमोर बसलो नव्हतो, काही घासलं नव्हतं. मास्तरांनी खिशातून दाखला काढला. तो त्यांनी लिहूनच आणला होता. तिथेच गुडघा टेकून त्यावर सही केली, आणि 'वर्तणूक' या शब्दापुढे 'उत्तम' लिहिलं. आबांनी कागद घडी करून ठेवला, आणि बुध्याला बोलावणं धाडलं नाही. मास्तर पुन्हा दोनदा आले. दोन्ही वेळा आबा शेतात गेले होते.

ऐका, बंधूंनो. ज्या कागदावर मी शिकलो तो हा कागद. नंदुरबारचं वसतिगृह, इंग्रजी पुस्तकं, पुढे चळवळ, सभा, पत्रकं, माझं नाव ऐकून जमणारे लोक, या सगळ्याच्या मुळाशी एका माणसाचं अर्धं राहिलेलं सणाचं जेवण आहे. मी व्यासपीठावर 'आम्ही सुशिक्षित तरुण' असं म्हणतो तेव्हा मला बुध्याच्या हातातला घास दिसतो. सरकारवर ओरडणं सोपं आहे. सरकार दूर असतं.

पावसाळ्याच्या आत गावाने अर्ज केला आणि मास्तरांची बदली झाली. अर्जात लिहिलं होतं की हे गृहस्थ मुलांना भांडी घासायला लावतात. खोटं नव्हतं.

त्यानंतर मास्तर मला एकदाच भेटले. विसरवाडीकडे आमची सभा होती. कळलं की सुरत रस्त्याच्या कडेला एका कुडाच्या शाळेत ते आहेत. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी गेलो. ते खूपच वाळले होते. छत्री कोपऱ्यात उभी होती. मी दारात थांबून विचारलं, "येऊ का?" त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "या."

आत गेल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, मायेने धरताहेत. त्यांनी तो नाकाशी नेला. "शाई," म्हणाले.

मी पत्रक दिलं. शिक्षणावरचंच होतं, माझंच. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पहिली ओळ मोठ्याने वाचली, "'शिक्षणाने माणसाचा माणूस होतो.'" मग माझ्याकडे पाहून अगदी साधेपणाने विचारलं, "झाला का?"

त्यांनी भाकरी थापली. अजूनही जळायची. जेवताना सांगत होते की दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ते डोंगरात जातात, बुध्याबाबांना शोधायला. पाड्या-पाड्यावर विचारतात. "प्रत्येक पाड्यावर एक तरी बुध्या असतो हो. मी म्हणतो, आपण गोमाईकाठी सालाला होता का? ते म्हणतात, नाही. एक जण बहुतेक तेच होते. पाहून घाबरले. म्हणाले, तो मी नाही. मी मागे लागलो नाही. विचारलं, नाही म्हणाले, परत आलो." मग म्हणाले, "आता तुमच्याकडे कोण असतं सालाला?"

मी म्हटलं, सुक्र्या म्हणून आहे.

"सुक्राबाबांची थाळी कुठे असते?"

मी भाकरीचा जळका पापुद्रा सोलून काढला. मग म्हटलं, "कोनाड्यात." तीच थाळी, हेही सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, त्यांना कळलंच असणार. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलंच नाही. मी दोघांची ताटं उचलली आणि बाहेर जाऊन घासली. आत आलो तर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढच्या वर्षी कळलं की ते गेले. त्यांचं कोणी नव्हतं. शाळेच्या पोरांनीच खांदा दिला.

मी गावी आलो तो आखाजीच्या तोंडावर. मनात काय काय ठरवून आलो होतो. पण मास्तरांच्या हातून जे झालं ते माझ्या हातून होऊ नये म्हणून आधी गोठ्यात गेलो, दारात उभा राहिलो आणि सुक्र्याला विचारलं की तुमची थाळी घरात नेली तर चालेल का. तो बैलाला चारा टाकत होता. चाळिशीतला, अबोल माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. वैतागून म्हणाला, "मन्ही थाळी जठे शे तठे ऱ्हाऊ दे. तुले काई करनं व्हई तं तुन्ही थाळीनं कर."

मग मी माझ्या थाळीचं केलं. आखाजीला, साल ठरायच्या आधी, ओट्यावर सगळ्यांदेखत आबांना सांगितलं की सुक्राबाबांचा यात काही संबंध नाही, त्यांना मी विचारलं, ते नको म्हणाले. पण जोवर ती थाळी गोठ्यात आहे तोवर माझीही गोठ्यात. मला घरातून काढायचं तर काढा.

मी तयारीने उभा होतो. आबांनी मला काढलं नाही. ते हसले. शेजारी हसले. कोणीतरी म्हणालं, पुढारी गोठामा जेवी ऱ्हायना, आते बैलबी स्वराज मांगतीन. आबांनी सुक्र्याचं साल ठरवलं, पहिल्यासारखंच. माझं काहीही गेलं नाही. मला तर थोडी कीर्तीच मिळाली; दोन गावचे लोक पाहायला आले.

तेव्हापासून गावी असलो की मी गोठ्यात जेवतो. सुक्र्या बैलाच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून बसतो. बोलत नाही. जेवण झालं की तो त्याची थाळी घासतो, मी माझी घासतो, आणि कोनाड्यात त्याच्या जर्मलच्या थाळीशेजारी माझी पितळी थाळी पालथी घालतो. हात हुंगून पाहतो. ओल्या राखेचा वास येतो.

मग मी सभेला जातो. परत येतो तेव्हा माझी थाळी कोनाड्यात नसते. स्वयंपाकघरात फडताळावर, घरच्या थाळ्यांच्या रांगेत, चिंचेने लख्ख घासून लावलेली असते. मी ती पुन्हा गोठ्यात नेऊन ठेवतो. मी बाहेर पडलो की माय ती पुन्हा उचलून आणते. भांडत नाही, रडत नाही. एकदा मी रागाने विचारलं तर पदराला हात पुसत म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी थाळी गोठामा ऱ्हास का रे?"

तिचा हात कोनाड्यात रोज जातो. रोज एक थाळी उचलतो. शेजारची जर्मलची थाळी तिथेच राहते.